वाळूवरची गाडी

मनुष्यानें आपल्या पाठीवरचें ओझें हलकें करण्यासाठीं जे उपाय शोधून काढले, त्यांत चाकाची योग्यता फार मोठी आहे. युरोपांतील स्लोव्हेनिया देशांत, ल्युब्लियाना शहराजवळच्या दलदलींत २००२ सालीं एक लांकडी चाक आंसासह सांपडलें. तें पांच हजार वर्षांहून अधिक जुनें असल्याचें ठरलें आहे. आपल्या महाराष्ट्रांतहि दायमाबाद येथें १९७४ सालीं ज्या प्राचीन धातुमूर्ति सांपडल्या, त्यांत बैलांची जोडी जुंपलेला व उभ्या मनुष्यानें हांकलेला एक रथ आहे. तेव्हां गाडी ही कांहीं नवी वस्तु नव्हे. तिच्यासाठीं वार्षिकाचीं चार पानें कां खर्चावीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, रस्त्यावरची गाडी जुनी असली तरी वाळूवरची गाडी ज्या त्या किनाऱ्यास पाहून नव्यानें करावी लागते. आणि गेल्या वर्षीं आमच्या विद्यालयांत जी एक गाडी तयार झाली, तिच्यावर एका विद्यार्थ्याचें शिक्षण अवलंबून होतें.

आमच्या विद्यालयांतील पुष्कळ मुलें दर्यावर पोट भरणाऱ्या घरांतून येतात. त्यांपैकीं नववीच्या वर्गांतील एक मुलगा गैरहजेरींत सर्वांच्या पुढें होता. त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. मुलगा आळशी नव्हे. गणितांत तर त्याचा हात धरणारा वर्गांत कोणी नव्हता. घरून येणाऱ्या चिठ्ठींत केव्हां ताप, केव्हां पोटदुखी, केव्हां पाहुणे, अशीं कारणें असत. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं आम्हीं एके दिवशीं हजेरीपट व पंचांग शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं, तेव्हां असें दिसून आलें कीं, या मुलाचा ताप तिथि पाहून येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तो नेमानें हजर असे. षष्ठी लागली कीं नाहींसा होई आणि एकादशीस पुन्हां आपल्या बांकावर येऊन बसे. महिन्यांतून हें दोनदां घडे. शालान्त परीक्षेस बसण्यासाठीं ७५ टक्के हजेरी लागते. हा क्रम पुढें चालू राहिला असता, तर दहावीच्या वर्षीं त्याचा अर्ज भरणेंच अशक्य झालें असतें.

समुद्रकांठीं राहणाऱ्या वाचकांच्या ध्यानांत याचें कारण आलेंच असेल. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें बारा तास पंचवीस मिनिटें जातात. म्हणून भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. आमच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती दुपारीं बाराच्या सुमारास व ओहोटी पहाटे आणि सायंकाळीं येते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हें उलट होऊन ओहोटी ऐन दुपारीं येते. विद्यालयाची घंटा मात्र अकराला होते, ती चंद्राकडे पाहत नाहीं.

आम्ही मुलाच्या घरीं गेलों. बाप दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी. आठ आठ दिवस घरीं येत नाहीं. आई बाजारांत मासळी विकते. घरचें दुसरें उत्पन्न आजोबांचें. त्यांचें वय सत्तरीच्या पुढें गेलेलें. नौकेवर जाणें सुटलें, पण हात स्वस्थ बसत नाहींत. ओहोटीच्या वेळीं पाणी मागें हटलें म्हणजे ते खुंट रोवून एक लहानसें जाळें लावीत, पुढच्या ओहोटीस तें काढीत, आणि मधल्या वेळांत पाग फेंकीत. जाळें लावण्याचें, सोडविण्याचें व मासळी निवडण्याचें काम ते अजून एकट्यानें करूं शकत. त्यांना होत नसे तें एवढेंच कीं, घरापासून पाण्यापर्यंतचें सामान वाहून नेणें. मधें सुरूच्या झाडांची एक टेंकडी व तिच्यापुढें मऊ वाळूचा रुंद पट्टा. उधाणाच्या दिवसांत नातू पहाटे ओझें पोंचवून शाळेंत येई; भांगाच्या दिवसांत शाळा व ओहोटी यांची गांठ पडे आणि शाळा मागें पडे. त्या घरास एका डोक्याची गरज होती, परंतु तें डोकें केवळ ओझें ठेवण्यासाठीं हवें होतें, ही गोष्ट आमच्या मनास फार लागली.

दुसऱ्या दिवशीं मुलाकडून तें सर्व सामान आम्हीं विद्यालयांत आणविलें व काट्यावर घातलें. भिजलेलें जाळें १४ किलो, खुंट ९ किलो, पाग ६ किलो, दोर व सुटें शिसें ३ किलो, बर्फ घातलेली पेटी ६ किलो. एकंदर ३८ किलो. परत येतांना मासळीचें वजन निराळें. चौदा वर्षांचा मुलगा हें ओझें दोन खेपांत वाहत असे.

गाडीची कल्पना त्या घरांत पूर्वीं निघाली नव्हती असें नाहीं. मुलाच्या मामानें मुंबईहून प्रवासाचें सामान ओढण्याची एक दोनचाकी आणून दिली होती. तिचीं चाकें चहाच्या बशीएवढीं व दोन बोटें रुंद. ओटीवर ती सुरेख चाले. वाळूंत उतरली म्हणजे नांगर होई. दोन दिवसांत आजोबांनीं ती माळ्यावर टाकली आणि गाडी ही शहरांतल्या लोकांची चैन आहे असा निकाल दिला. "मास्तर," ते आम्हांस म्हणाले, "वाळू म्हणजे काय रस्ता नाय. वाळू धरून ठेवते." या एका वाक्यांत पदार्थविज्ञानाचा एक सबंध पाठ आहे, असें आम्हीं वर्गांत सांगितलें, व तेथूनच आमच्या कामास आरंभ झाला.

विद्यार्थिमित्रहो, गाडीचें चाक जमिनीवर दाब देतें. तो दाब म्हणजे वजन भागिलें टेकलेलें क्षेत्रफळ. गाडी व सामान मिळून ५२ किलो धरलें, तर प्रत्येक चाकावर २६ किलो येतात. टायरमध्यें हवा जितकी घट्ट, तितका तो कमी चेपतो व तितकें कमी क्षेत्र जमिनीस टेकतें. दर चौरस सेंटिमीटरास ३ किलो दाबाची हवा भरली, तर २६ किलोचा भार सुमारें ९ चौरस सेंटिमीटरांवर, म्हणजे एखाद्या मोठ्या नाण्याएवढ्या जागेवर येतो. तीच हवा पाव किलो दाबापर्यंत कमी केली, तर क्षेत्र १०० चौरस सेंटिमीटरांच्या वर जातें. टायरच्या अंगच्या ताठपणामुळें हा हिशेब तंतोतंत जुळत नाहीं, तथापि दिशा हीच. साठ किलोचा मनुष्य एका पावलावर उभा राहिला असतां त्याचा दाब सुमारें ०·४ किलो पडतो. तेव्हां हवा कमी केलेलें चाक माणसाच्या पावलाहूनहि कमी रुतावें. राल्फ बॅग्नोल्ड नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १९२९ पासून पुढें लिबियाच्या वाळवंटांत ज्या मोटारी नेल्या, त्या वाळूच्या टेंकड्यांवर चढविण्यासाठीं टायरांतील हवा कमी करण्याचीच युक्ति योजली होती.

हवेच्या टायराची जन्मकथाहि येथें सांगण्यासारखी आहे. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्ट येथें जनावरांचे डॉक्टर होते. १८८७ सालीं त्यांनीं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी गाडीसाठीं रबराची नळी हवा भरून लांकडी चकतीवर बसविली. मग तीनचाकीचें जुनें चाक व ही नवी चकती अंगणांत एकापाठोपाठ लोटून पाहिलीं. जुनें चाक मध्येंच आडवें पडलें; नवी चकती अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. पुढच्या वर्षीं त्यांनीं पेटंट घेतलें. त्यांच्यापूर्वीं १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनीं हीच कल्पना मांडली होती, परंतु ती त्या वेळीं रुजली नाहीं. जगभर पसरलेली ही वस्तु बापानें मुलासाठीं घरच्या घरीं केलेल्या खटाटोपांतून पुढें आली, हें आम्हीं मुलांस मुद्दाम सांगितलें. कारण विद्यालयांतील मोडक्या अवजारांकडे पाहून त्यांचा धीर सुटूं लागला होता.

रुंदीइतकेंच महत्त्व चाकाच्या उंचीस आहे. दापोली तालुक्यांतील हर्णै बंदरांत नौकांवरील मासळी उतरून आणण्यासाठीं उथळ पाण्यांत शिरणाऱ्या बैलगाड्या आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांचीं चाकें अरुंद, परंतु पुरुषभर नाहीं तरी छातीभर उंच. मोठें चाक खळग्यांत शिरत नाहीं. शिरलें तर सहज वर येतें, कारण त्याच्यापुढील वाळूचा चढ त्यास सौम्य लागतो. शिवाय त्या गाड्या चालतात त्या पाण्यालगतच्या घट्ट वाळूवरून. ओलसर वाळूंत कणाकणांमधील पाण्याचा पातळ पापुद्रा कणांस एकमेकांशीं धरून ठेवतो. कोरड्या वाळूंत हें बंधन नसतें, आणि पाणी तुडुंब भरलेल्या वाळूंतहि तें नाहींसें होतें. म्हणून गाडीवाल्यानें वाट निवडावी ती ओली परंतु निथळलेली.

आमच्याजवळ बैल नव्हता, तेव्हां छातीभर उंचीचीं चाकें उपयोगाचीं नव्हतीं. भंगारवाल्याकडून एका जुन्या स्कूटरचीं दोन चाकें मिळालीं. टायर झिजून गुळगुळीत झालेले, आणि म्हणूनच मऊ. उंची सुमारें ४३ सेंटिमीटर, रुंदी ९ सेंटिमीटर. टायरावरील नक्षी गेली म्हणून मुलें खट्टू झालीं. परंतु ओढून न्यावयाच्या चाकास नक्षीचें काम नसतें, उलट गुळगुळीत चाक वाळू कमी उकरतें. सांगाड्यासाठीं एका जुन्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या घेतल्या. आंसासाठीं स्टेनलेस पोलादाचा दांडा गांवांतील वेल्डरानें कापून दिला. चाकांच्या मध्यभागीं बेअरिंग न घालतां नायलॉनचीं साधीं नळकांडीं बसविलीं, कारण बेअरिंगमध्यें खारें पाणी व वाळू शिरली कीं तें थोड्याच दिवसांत जाम होतें; नळकांडें झिजलें तर अल्प खर्चांत दुसरें घालतां येतें. कोणी ॲल्युमिनियम सुचविलें होतें. परंतु ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांस लागून खाऱ्या पाण्यांत भिजत राहिलीं, तर त्यांच्यामध्यें विजेच्या घटासारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्लें जातें, म्हणून तें टाळलें. एकंदर खर्च १,१५० रुपये झाला; तो शिक्षकांनीं वर्गणी करून भागविला.

आतां भार कोठें ठेवावा हा प्रश्न. भार आंसाच्या बराच पुढें आला तर तो ओढणाऱ्याच्या हातावर पडतो. मागें गेला तर दांडी उचलली जाऊन गाडी उलटते. नववीच्या मुलांनीं तरफेचा नियम लावून हिशेब केला. ३८ किलोचा मध्य आंसाच्या पुढें १० सेंटिमीटर व दांडीची मूठ आंसापासून १३० सेंटिमीटर असेल, तर हातावर येणारें वजन तीन किलोहून थोडें कमी. गाडी ढकलावी कीं ओढावी, यावर मुलांत दोन पक्ष पडले. ढकलतांना हाताचा जोर तिरका खालीं जातो व चाकांस वाळूंत दाबतो. ओढतांना तोच जोर तिरका वर जातो व चाकांस उचलून धरतो. त्यामुळें ओढणाऱ्यांचा पक्ष जिंकला. तरफेचा नियम पुस्तकांत वाचून ज्यांस कंटाळा येई, त्यांनीं त्या दिवशीं मधली सुट्टी झाल्याची घंटाहि ऐकिली नाहीं.

एवढें झालें तरी खरी अडचण पुढेंच होती. आजोबांस गाडी नको होती. "गाडी ओढतांना लोक बघतील," ते म्हणाले, "म्हणतील, म्हातारा संपला." त्यांचा हा अभिमान आम्हांस समजला, आणि त्यास धक्का लागूं नये असेंहि वाटलें. ज्या माणसानें पन्नास वर्षें दर्यावर काढलीं त्यास मुलांनीं केलेली वस्तु दान म्हणून देणें हें त्याच्यावर नवें ओझें लादण्यासारखें होतें. म्हणून आम्हीं त्यांस असा निरोप पाठविला कीं, मुलांनीं एक गाडी केली आहे, परंतु किनाऱ्याची माहिती आम्हांपैकीं कोणास पुरी नाहीं. आजोबांनीं येऊन ती तपासावी. निरोपांतील प्रत्येक अक्षर खरें होतें.

ते आले. प्रथम गाडीभोंवतीं एक फेरी मारली. मग बसून खिळे मोजले व सांगितलें, "हे खिळे एका पावसांत जातील. लांकूड खिळ्यावर धरूं नका, दोरानें बांधा. दोर वळतो, खिळा मोडतो." त्यांनीं कमरेचा सुरा काढला, नायलॉनचा दोर मागविला आणि पट्ट्यांचे सांधे एकामागून एक स्वतः आवळले. प्रत्येक गांठ ते तीनदां दाखवीत. न जमलेल्या मुलाची गांठ सोडून त्यास पुन्हां बांधावयास लावीत. दुसरी सूचना अशी कीं, गाडीच्या तळास फळी नको, जाळी हवी. ओल्या जाळ्याचें पाणी जागच्या जागीं गळून जावें. "पाण्याला कशाला गाडींत बसवायचें?" असें ते म्हणाले. जाळें रात्रभर निथळूं देऊन पुन्हां काट्यावर घातलें, तेव्हां तें १४ किलोंचें ११ किलो भरलें. तिसरी सूचना दांडीविषयीं: ती दोन हातांची नसून एका हाताची असावी, कारण चढावर दुसरा हात काठीला लागतो. या तिन्ही सूचना आमच्या कोणत्याहि पुस्तकांत नव्हत्या. तो आठवडाभर ते रोज येत. चौथ्या दिवसापासून मुलें त्यांना "सर" म्हणूं लागलीं. त्यांनीं तें चालवून घेतलें.

डिसेंबरांतील एका अष्टमीस गाडी किनाऱ्यावर उतरविली. आजोबांनीं कोणास हात लावूं दिला नाहीं. सुरूच्या टेंकडीवरून उतरतांना गाडी त्यांच्या मागून लगट करूं लागली, तेव्हां त्यांनीं मागच्या बाजूस दोराचें एक वेटोळें सोडलें. तें वाळूंत घासत राहिलें व गाडीचा वेग मोडला. मऊ पट्ट्यावर चाकें दोन बोटें रुतलीं, परंतु फिरत राहिलीं. मध्यें ते दोनदां थांबले. ओल्या वाळूवर आल्यावर मात्र गाडी इतकी हलकी झाली कीं, त्यांनीं मागें वळून सामान पडलें नाहीं ना हें पाहिलें. नातू त्या वेळीं वर्गांत बसून बीजगणिताचीं उदाहरणें सोडवीत होता. त्यास किनाऱ्यावर येण्याची फार इच्छा होती. आजोबांनींच त्यास येऊं दिलें नाहीं.

येथें अतिशयोक्ति करणें योग्य होणार नाहीं. गाडीनें आजोबांचें वय कमी केलेलें नाहीं. मासळी अधिक मिळालेल्या दिवशीं परतीचा चढ त्यांना अजूनहि एकट्यानें होत नाहीं. तेव्हां शेजारची कोणी बाई मागून हात लावते व त्यांच्याकडून दोन मासे घेऊन जाते. टायरांतील हवा दर आठवड्यास पाहावी लागते. काम झाल्यावर आंस व नळकांडीं गोड्या पाण्यानें धुवावीं लागतात. हें न केलें तर पोलादहि दगा देतें. वाळू तापते त्या दिवसांत गाडी सावलींत ठेवावी लागते, नाहीं तर ट्यूब फुगते. परंतु डिसेंबरपासून मार्चपर्यंतच्या भांगाच्या दिवसांत तो मुलगा दोनच वेळां गैरहजर राहिला, आणि दोन्ही वेळां घरच्या चिठ्ठींत कारण लिहिलें होतें: "आजोबांस बरें नाहीं, जाळें काढावयाचें आहे." त्या दोन चिठ्ठ्या आम्हीं जपून ठेविल्या आहेत. पूर्वींच्या सर्व चिठ्ठ्यांत जें नव्हतें, तें त्यांत होतें.

पालकांस आमची विनंति आहे ती याचसंबंधीं. आपल्या घरच्या धंद्यासाठीं मूल घरीं राहिलें असें लिहितांना पुष्कळांस संकोच वाटतो, व ताप किंवा पाहुणे पुढें केले जातात. तापावर शिक्षकाजवळ औषध नाहीं. ओझ्यावर कदाचित् असूं शकेल. खरें कारण कळलें तर शाळेची वेळ, घरची सोय, एखादें साधन, यांपैकीं कशाचा तरी विचार करतां येतो. खोट्या कारणानें फक्त हजेरीपटांतील रकाना भरतो, आणि मुलास असें वाटूं लागतें कीं घरचा धंदा ही लपविण्याची गोष्ट आहे. तशी ती नव्हे. ज्या दोराच्या गांठी आमच्या पदवीधर शिक्षकांस बांधतां आल्या नाहींत त्या बांधणारा मनुष्य कोणासमोर खालीं पाहण्याचें कारण नाहीं.

गाडीची हकीकत वाडींत पसरल्यापासून आणखी तीन घरांनीं तिची चौकशी केली आहे. यंदाच्या नववीच्या वर्गानें कार्यानुभवाच्या तासास हें काम हातीं घेण्याचें ठरविलें आहे. चाकें मिळविण्याची खटपट चालू आहे, आणि गांठी शिकविण्याचें आजोबांनीं कबूल केलें आहे. ज्या पालकांस अशी गाडी हवी असेल त्यांनीं सामानाचें वजन करून व घरापासून पाण्यापर्यंतची वाट पायांनीं मोजून विद्यालयांत यावें. येतांना मात्र, घरांतील ज्या माणसास ती गाडी ओढावयाची आहे, त्यास बरोबर आणावें. त्याच्या हाताची उंची पाहिल्याशिवाय आम्ही दांडी कापीत नाहीं.